कोपऱ्यातला चुंबक

सर्व्हरमधून काढलेली साडेतीन इंची हार्ड डिस्क हातात घेतली की ती आकाराच्या मानाने जड लागते. चांदणीच्या तोंडाच्या स्क्रू-ड्रायव्हरने झाकणाचे स्क्रू काढायचे. लेबलाखाली दडलेला शेवटचा स्क्रू सापडेपर्यंत झाकण हलत नाही. ते निघालं की आत लखलखीत तबकड्या दिसतात, एकावर एक रचलेल्या, चेहरा स्पष्ट दिसावा इतक्या गुळगुळीत. त्यांच्यावर झुकलेला एक निमुळता दांडा असतो आणि दांड्याच्या मुळाशी, डिस्कच्या एका कोपऱ्यात, दोन जाड पोलादी पट्ट्या. पट्ट्यांच्या आतल्या अंगाला कमानीच्या आकाराचे, निकेलचा मुलामा दिलेले चुंबक चिकटवलेले असतात. पट्ट्या हाताने वेगळ्या करायला गेलं तर दमछाक होते, आणि त्या सुटल्याच तर परत एकमेकींवर अशा आदळतात की मध्ये आलेलं बोट रक्ताळतं.

हा लेख त्या चुंबकांचा आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचायला आधी तबकड्यांचं काय होतं ते पाहावं लागेल, कारण तबकडीवरच्या माहितीची भीती आणि कोपऱ्यातल्या चुंबकाचं नशीब ही दोन्ही एकाच दाव्याला बांधलेली आहेत. आणि हा गुंता ज्या शहरात फार सुंदर रीतीने सुटतो आहे, ते म्हणजे इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम.

चालू डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या घरात जातो. तिच्यावरून फिरणारं वाचन-लेखनाचं टोक पृष्ठभागाला टेकत नाही, अवघे काही नॅनोमीटर वर तरंगत राहतं. दांड्याच्या मुळाशी तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ते त्या दोन चुंबकांच्या मधोमध येतं. वेटोळ्यातून वीज सोडली की दांडा झुकतो, उलटी सोडली की उलट दिशेला. एवढ्या साध्या युक्तीवर टोक सेकंदाच्या शंभराव्या भागात हव्या त्या रेषेवर जाऊन स्थिर होतं.

आणि ती रेषा केवढी! एका चौरस इंचात एक लाख कोटी बिट बसवणाऱ्या डिस्कमध्ये एका बिटच्या वाट्याला सुमारे ६४५ चौरस नॅनोमीटर जागा येते. माणसाचा ८० मायक्रॉन जाडीचा केस आडवा कापला, तर त्या कापाच्या क्षेत्रफळावर अशा बिटांची संख्या ७० लाखांच्या वर जाईल. प्रत्येक बिट म्हणजे कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रणाच्या काही मोजक्या कणांनी धरलेली एक दिशा, वर किंवा खाली. मला नेहमी थक्क करतं ते हे, की दोनचार इंचांवर एवढा दांडगा चुंबक बसलेला असूनही या चिमुकल्या दिशा ढळत नाहीत. त्या जाड पोलादी पट्ट्या चुंबकाचं क्षेत्र आपल्यातच फिरवून ठेवतात, बाहेर सांडू देत नाहीत. शिवाय तबकडीवरचे कण स्वतःही हट्टी असतात. कणांचा हट्ट हेच हार्ड डिस्कचं भांडवल, आणि डिस्क निवृत्त करायची वेळ येते तेव्हा तोच डोकेदुखी होतो.

सर्व्हरची डिस्क रात्रंदिवस चालते. पाच वर्षं म्हणजे ४३,८०० तास. हा आकडा डिस्क स्वतःच मोजून ठेवते. प्रत्येक डिस्कच्या पोटात तिची प्रकृती नोंदवणारी एक वही असते. किती तास चालली, किती वेळा चालू-बंद झाली, किती सेक्टर वाचता येईनासे झाले, त्यांपैकी किती तिने गुपचूप राखीव जागेत हलवले. जुन्या डिस्क तपासणारा माणूस सगळ्यात आधी ही वही उघडतो. तास जास्त असले तर तो फारसा बिचकत नाही. हलवलेल्या सेक्टरांचा आकडा वाढताना दिसला की मात्र डिस्क बाजूला काढतो.

वहीवर विसंबून भागत नाही, म्हणून खरी परीक्षा घेतात. लिनक्समध्ये यासाठी एक जुनी आज्ञा आहे. ती डिस्कच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक-शून्य-एक-शून्य असा नमुना लिहिते आणि परत वाचून ताडून पाहते. मग शून्य-एक-शून्य-एक, मग सगळे एक, मग सगळे शून्य. चार वेळा लिहिणं, चार वेळा वाचणं. १६ टेराबाइटच्या डिस्कवर अशी एक फेरी जवळजवळ अख्खा दिवस घेते, म्हणजे आठ फेऱ्यांना आठवडा. एवढा वेळ कशासाठी द्यायचा, असं वाटेल. पण दुबळी डिस्क या आठवड्यातच बहुधा मान टाकते, आणि नव्या मालकाचा डेटा तिच्यावर जाण्याआधी तिने मान टाकलेली बरी. शिवाय एक फायदा फुकटात पदरात पडतो. शेवटचा नमुना शून्यांचा असतो, म्हणजे परीक्षा संपते तेव्हा जुनी माहितीही लिहून बुजलेली असते.

मोठ्या स्टोरेज यंत्रांतून आलेल्या डिस्कचा आणखी एक नखरा असतो. साध्या संगणकाला ५१२ किंवा ४,०९६ बाइटचे सेक्टर समजतात. ही यंत्रं ५२० बाइटचे सेक्टर वापरत आली आहेत, वरचे आठ बाइट प्रत्येक तुकड्याची पडताळणी करण्यासाठी. अशी डिस्क घरच्या सर्व्हरला जोडली तर ती दिसते, पण वापरता येत नाही. तिला मुळापासून फॉरमॅट करून ५१२ च्या मापावर आणावं लागतं. त्याला काही तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर डिस्क अर्धवट अवस्थेत अडकते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आपण एरवी ज्याला फॉरमॅट म्हणतो ते याहून फार वरवरचं काम आहे. झटपट फॉरमॅटमध्ये कुठली फाइल कुठे आहे याची यादी कोरी होते, फाइली जागच्या जागी राहतात. सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोन संशोधकांनी अमेरिकेत जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू निघालेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. उरलेल्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते, आणि एक डिस्क चक्क बँकेच्या एटीएममधून आलेली होती.

ब्रिटनला हा धडा २०१० मध्ये मिळाला. दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनमधल्या सरकारी रुग्णालयाच्या सुमारे हजार डिस्क नष्ट करायला दिल्या होत्या. त्यांतल्या २५२ बाहेर पडल्या आणि ईबेवर विकल्या गेल्या. त्यांवर हजारो रुग्णांची माहिती होती, एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्यांचीसुद्धा. जून २०१२ मध्ये माहिती आयुक्तांनी रुग्णालयाच्या ट्रस्टला ३,२५,००० पौंडांचा दंड केला. त्या यादीत आपलं नाव असणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार केला की डिस्क पुसणं ही निव्वळ तांत्रिक बाब राहत नाही.

मग पुसायचं म्हणजे किती पुसायचं? १९९६ मध्ये पीटर गटमन यांनी एक निबंध लिहिला आणि त्यात ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली. तेव्हापासून ३५ हा आकडा लोकांच्या डोक्यात घट्ट बसला. पण त्या ३५ फेऱ्या त्या काळच्या निरनिराळ्या जुन्या लेखनपद्धतींसाठी मिळून होत्या, आणि एकाच डिस्कवर त्या सगळ्या चालवायची गरज नाही असं पुढे खुद्द गटमन यांनीच स्पष्ट केलं. आजच्या दाट डिस्कवर एकदा नीट वरून लिहिलं की खालचं परत वाचता येत नाही. १६ टेराबाइटच्या डिस्कवर ३५ फेऱ्या म्हणजे महिन्याहून जास्त काळ वीज जाळणं. त्यातून सुरक्षितता वाढत नाही, फक्त मनाची समजूत पटते.

खरा धोका वेगळ्याच जागी असतो. ते गुपचूप हलवलेले सेक्टर आठवतात? डिस्कने खराब म्हणून बाद केलेल्या तुकड्यात जुनी माहिती तशीच पडून असते, आणि बाहेरून लिहिणाऱ्या कुठल्याच प्रोग्रॅमला तिथे पोचता येत नाही, कारण डिस्क तो पत्ताच आता देत नाही. म्हणून डिस्कला स्वतःलाच स्वतःला पुसायला सांगणारी आज्ञा तयार झाली. गॉर्डन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन डिएगोच्या विद्यापीठात तिच्यावर काम केलं, आणि २००१ च्या सुमारास आलेल्या डिस्कपासून ती आतच बसवलेली मिळते. ती बाद सेक्टरांपर्यंतही पोचते.

याहून देखणा उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळं कूटबद्ध करून लिहिणारी डिस्क. तिच्यावर साधी अक्षरं कधी उतरतच नाहीत. गुपित किल्ली डिस्कच्या आतच असते. पुसायची वेळ आली की फक्त ती किल्ली बदलायची. काही बाइट बदलतात आणि १६ टेराबाइट माहिती क्षणात अर्थहीन आकड्यांचा ढीग होते. एकही तबकडी फोडावी लागत नाही.

पण मोठ्या संस्थांची भीती अशी सहज जात नाही. ‘आमची डिस्क दारातून बाहेर अखंड जाणार नाही,’ हा नियम कित्येक ठिकाणी असतो. मग एक तर डिस्क जबर चुंबकीय धक्का देणाऱ्या यंत्रात घालतात, किंवा थेट श्रेडरमध्ये. चुंबकीय धक्क्याने माहिती जाते, पण टोकाला वाट दाखवण्यासाठी कारखान्यातच तबकडीवर लिहिलेल्या खुणाही जातात, त्यामुळे डिस्क पुन्हा कधीच चालत नाही. श्रेडरमध्ये तर सगळ्याचाच चुराडा. चाचणी उत्तीर्ण झाली असती आणि आणखी काही वर्षं सहज चालली असती, अशा डिस्कचाही.

या चुराड्यात सगळ्यात मोठं नुकसान त्या कोपऱ्यातल्या चुंबकाचं होतं. तो ठिसूळ असतो, श्रेडरमध्ये त्याच्या ठिकऱ्या उडतात. पण ठिकऱ्या चुंबकच राहतात, त्या पोलादाच्या प्रत्येक शकलाला आणि यंत्राच्या पात्यांना जाऊन चिकटतात. पोलाद वितळवायला जातं तेव्हा त्या त्यात जातात आणि गाळात हरवतात. अशा शकलांमधून रसायनांनी मूलद्रव्यं बाहेर काढायच्या पद्धती आहेत, अमेरिकेत त्यांवर चांगलं काम चाललं आहे. पण त्यात मूलद्रव्यापर्यंत मागे जाऊन चुंबक पुन्हा पहिल्यापासून घडवावा लागतो.

हा चुंबक म्हणजे निओडिमियमचे दोन अणू, लोखंडाचे चौदा आणि बोरॉनचा एक, अशी रचना. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. त्याआधीच्या कुठल्याही चुंबकाने एवढ्या कमी जागेत एवढं बळ दिलं नव्हतं. आजच्या विजेच्या गाड्या, पवनचक्क्या, हेडफोन सगळ्यांच्या पोटात तोच आहे. वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा दुर्मिळ मृदा धातूंचा, आणि जगातले बहुतेक चुंबक चीनमध्ये बनतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा त्याची झळ थेट पुण्याला बसली. या चुंबकांच्या टंचाईमुळे बजाज ऑटोला त्या पावसाळ्यात चेतक स्कूटरचं उत्पादन घटवावं लागलं.

बर्मिंगहॅम आणि चुंबक यांचं नातं जुनं आहे. फेब्रुवारी १९४० मध्ये इथल्याच विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी एका मोठ्या विद्युतचुंबकाच्या जबड्यात तांब्याचा पोकळ ठोकळा ठेवून रडारसाठी लागणाऱ्या सूक्ष्मलहरी निर्माण केल्या. पुढे त्याच विद्यापीठात रेक्स हॅरिस यांनी चुंबकीय पदार्थांवर संशोधन करणारा गट वाढवला. दुर्मिळ मृदा धातूंच्या मिश्रधातूंना हायड्रोजन लागला की ते फुटतात, हे त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हाताळलं होतं. निओडिमियमचे चुंबक आले तेव्हा त्यांच्या गटाने हीच युक्ती चुंबक बनवण्यासाठी वापरली. ओतलेला धातू यंत्रात भरडण्याऐवजी हायड्रोजनकडून फोडून घ्यायचा. आज जगभरातले कारखाने ही पायरी वापरतात.

मग ॲलन वॉल्टन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग जुन्या, वापरून झालेल्या चुंबकावर केला. डिस्कचा चुंबक असलेला कोपरा कापून घ्यायचा, पोलादी पट्ट्या, डिंक, मुलामा सगळ्यासकट. ते तुकडे एका बंद पात्रात भरायचे, हवा काढून टाकायची आणि हायड्रोजन सोडायचा. भट्टी लागत नाही. खोलीचं तापमान, आणि वातावरणाच्या साधारण दुप्पट दाब.

काही वेळ काहीच घडत नाही. मग आत काय होतं ते डोळ्यांसमोर आणून बघा. चुंबक म्हणजे काही मायक्रॉनचे असंख्य स्फटिक, आणि दोन स्फटिकांच्या मधल्या सांध्यात निओडिमियमने समृद्ध असा अतिशय पातळ थर. मुलाम्याला कापताना पडलेल्या चिरेतून हायड्रोजन आत शिरतो आणि आधी हा थर तो शोषून घेतो. थर फुगतो, उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने पुढचं शोषण आणखी जोरात होतं. भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप जसं आतून भिंत उकलतं, तसा हायड्रोजन सांध्यासांध्याने चुंबक उकलत जातो. मग स्फटिक स्वतःही हायड्रोजन पितात आणि फुगतात. काही तासांत घट्ट चुंबकाचा काळसर भुगा होतो. निकेलचा मुलामा पापुद्र्यांनी सुटून पडतो. पोलाद, ॲल्युमिनियम, तांबं यांना या तापमानाला आणि दाबाला हायड्रोजनचं काही घेणंदेणं नसतं, ते जसेच्या तसे राहतात.

आणि आता मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. हायड्रोजन प्यायलेला तो भुगा चुंबक राहत नाही. स्फटिकांना एकाच दिशेला धरून ठेवणारी ताकद हायड्रोजन ढिली करतो. त्यामुळे कण पोलादाला चिकटत नाहीत, एकमेकांनाही चिकटत नाहीत. पात्रातलं पिंप फिरवलं की भुगा चाळणीतून खाली गळतो आणि पोलादी पट्ट्या वर मोकळ्या राहतात. श्रेडरमध्ये ज्या चिकटपणाने सगळा घोटाळा केला होता, तो इथे नाहीसा होतो, तेही एक थेंब आम्ल न वापरता. पुढे भुगा चाळून निकेलचे पापुद्रे वेगळे करायचे, कण आणखी बारीक करायचे, चुंबकीय क्षेत्रात सगळ्यांना एका दिशेला वळवून दाबायचे आणि हजार अंशांच्या वर भाजायचे. भाजताना हायड्रोजन निघून जातो आणि जुनी रचना परत येते. थोडं ताजं निओडिमियम मिसळलं की जुन्या चुंबकापासून थेट नवा चुंबक तयार होतो. धातू शुद्ध करण्याची सगळी लांबलचक साखळी मध्ये लागतच नाही.

२०१८ मध्ये हॅरिस, वॉल्टन, जॉन स्पाइट आणि डेव्हिड केनेडी यांनी यातून हायप्रोमॅग ही कंपनी काढली. बर्मिंगहॅमच्या आग्नेयेला टायस्ली एनर्जी पार्क आहे, तिथे हे काम प्रयोगशाळेबाहेर, कारखान्याच्या मापाने करायला घेतलं गेलं. ही जागासुद्धा लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती वेबस्टर अँड हॉर्सफॉल या १७२० पासून चालत आलेल्या तार कारखान्याची. १८६६ च्या अटलांटिक महासागराखालच्या टेलिग्राफ केबलला जे पोलादी चिलखत होतं, त्यासाठी लागणारी सुमारे ३०,००० मैल तार याच कारखान्याने ओढली. ती केबल समुद्रात सोडणारं ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अजस्र जहाज चार वर्षांनी मुंबई बंदरात आलं होतं. फेब्रुवारी १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकत ते निघालं. दूरदेशी निरोप धाडण्याच्या त्या पहिल्या सामग्रीपैकी तार जिथे घडली, तिथेच आज निरोप साठवणाऱ्या यंत्रांचे चुंबक मोकळे होतात. हा योगायोग कोणी ठरवून जुळवला नसेल, पण मला त्याचं अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही.

अडचणी आहेतच. डिस्कगणिक कोपऱ्याची रचना वेगळी. नव्या डिस्कमध्ये चुंबक लहान होत चालले आहेत. मोठ्या क्षमतेच्या डिस्क २०१३ पासून हेलियम भरून, झाकण वितळजोड करून येतात, त्यामुळे त्या स्क्रूंनी उघडत नाहीत. चुंबक नेमका कुठे आहे ते यंत्राने हेरून तेवढाच भाग कापायचा, ही पायरी म्हणूनच महत्त्वाची आहे. हायड्रोजनची खरी कमाई ती जमली तरच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अशा चुंबकांचं उत्पादन भारतात उभं राहावं म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला ६,००० टनांचं लक्ष्य ठेवून. खाणी आणि शुद्धीकरणावर त्यात पुष्कळ बोललं जाईल. पण नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे पट्ट्यात एकामागून एक डेटा सेंटरं उभी आहेत, त्यांच्या डिस्क ठरावीक वर्षांनी बदलल्या जातात, आणि त्या प्रत्येकीच्या कोपऱ्यात घडवून तयार असलेला चुंबक असतो. या डिस्क भंगारात काढायच्या निविदेत ‘फोडून नष्ट कराव्यात’ एवढंच लिहिण्याऐवजी क्रम लिहिता येईल. आधी चाचणी, मग पुसणं आणि त्याचं प्रमाणपत्र, जी चांगली निघेल तिला दुसरं घर. जी चालतच नाही, म्हणजे पुसताही येत नाही, तिच्या तबकड्या खुशाल श्रेडरमध्ये जाऊ देत. पण त्याआधी तिचा कोपरा कापून वेगळ्या पिंपात टाकावा, कारण चुंबकावर ना कुठल्या रुग्णाचं नाव असतं, ना कुणाचा खाते क्रमांक.